खराट्याच्या पुढे

बाबांना यंदा पुढच्या गटातून धावायची परवानगी मिळाली. जाड पांढऱ्या पाकिटातून तसं पत्र आलं. गेल्या वर्षीची आपली वेळ, एक तास एकोणपन्नास मिनिटं, आपल्या वयोगटात उल्लेखनीय असल्यामुळे आयोजकांना कळवण्यास आनंद होतो, वगैरे. आईने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं, आणि मला दिलं. "कळवायला हवं त्यांना," ती म्हणाली. मी विचारलं, कुणाला? "ज्यांनी पाठवलंय त्यांना. माणूस नाही म्हणून." मी म्हटलं, कळवते. कळवलं नाही. पत्राची घडी करून ते मी माझ्या ऑफिसच्या बॅगेत ठेवलं, आतल्या चेनच्या कप्प्यात. तिथे बाबांचा आणखी एक कागद आठ महिने पडून होता, हे आईला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

अर्धमॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर. बाबांना ते अंतर पार करायला दोन तास चाळीस मिनिटं लागत, त्याच्या आत ते कधी आले नव्हते आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. गेल्या वर्षी ते अकराव्या किलोमीटरनंतर पडले. गाद्यांच्या दुकानासमोर, बंद शटरपाशी. रुग्णवाहिका आली, पण बाकीचे रस्ते गाड्यांनी तुंबलेले, मोकळा रस्ता एकच, शर्यतीचा. डॉक्टरांचा मोठा तंबूही शेवटच्या रेषेपलीकडे. म्हणून त्यांना तिथूनच नेलं, धावणाऱ्यांना कडेला सारत. बुटाच्या नाडीत अडकवलेली चिप बुटातच होती. रेषेवर वेळ मोजणारा काळा रबरी पट्टा अंथरलेला असतो, त्याच्यावरून रुग्णवाहिका गेली, आणि पट्ट्याने आपलं काम चोख केलं. आई आणि मी तिथेच उभ्या होतो, पाण्याची बाटली आणि कोरडा टॉवेल घेऊन. मोठ्या फलकावर बाबांचं नाव आलं, शेजारी वेळ. आई ओरडली, "आले! अगं आले बघ, एवढ्यात!" आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. गर्दीत त्यांची निळी टोपी शोधत राहिलो. रुग्णवाहिका आमच्या समोरून गेली तेव्हा मी आईचा हात धरून तिला मागे ओढलं होतं, धक्का लागू नये म्हणून. टाळ्या किती वेळ वाजवल्या हे मला आठवत नाही. तळहात लाल झाले होते हे आठवतं. बाबांच्या धावण्याच्या क्लबच्या ग्रुपवर निकाल आपोआप येतो. तंबूतून मला कुणी बोलवायला येईपर्यंत त्यावर अठ्ठावीस अभिनंदनं जमली होती. 'आज काका विमानातून आले वाटतं,' असं एकाने लिहिलं होतं. ते नंतर खोडलेलं दिसलं.

पत्र आल्यानंतरच्या रविवारी मी क्लबात गेले. का गेले हे आईला सांगताना म्हटलं, वजन वाढलंय. ती माझ्या बुटांकडे बघत राहिली. मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. दिवसाचे आठ तास खुर्चीत, हातात लाल पेन. चूक दिसली की समासात खूण करायची, पान पुढे सरकवायचं. चार वर्षं बाबा मागे लागले होते, एकदा ये, नुसतं चाल, आणि मी दर वेळी म्हणाले होते, पुढच्या रविवारी नक्की. आता आले होते तर क्लबातल्या सगळ्यांनी मला असं जपून घेतलं, की जणू मी काचेचं सामान होते. सगळ्यांनी म्हणजे, एकाने सोडून. दाढकाका लांब उभे राहिले. सगळे निघाल्यावर ते मागून निघाले, पाठीला खराटा बांधून.

खराट्याची पद्धत या क्लबचीच. सगळ्यात शेवटी एक जण धावतो, त्याच्या पाठीला हातभर लांबीचा खराटा दोरीने बांधलेला असतो, आणि नियम एवढाच, की खराट्याच्या मागे कुणी राहायचं नाही. थकलेला असो, पाय मुरगळलेला असो, नाडी बांधायला थांबलेला असो, खराटेवाला त्याच्यासाठी थांबतो. पूर्वी पाळी असायची आणि पाळी कुणाला नको असायची. बाबांनंतर दाढकाकांनी तो स्वतःकडे घेतला आणि परत दिला नाही. ते दातांचे डॉक्टर, बाबांच्याच वयाचे. त्यांचं खरं नाव क्लबात कुणी वापरत नसे. बाबा आणि ते मिळून एकच माणूस, असं आई पूर्वी म्हणायची. रविवारी धावून आले की आमच्या बाल्कनीत दोन खुर्च्या, चार कप चहा, आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी.

शर्यतीच्या दिवशी उजाडताना आम्ही तेवीस जण मैदानाच्या कोपऱ्यात उभे होतो. मेट्रनबाई सगळ्यांच्या छातीवरचे नंबर तपासत फिरत होत्या. त्या मोठ्या इस्पितळात तीस वर्षं मेट्रन होत्या, निवृत्त होऊन दहा झाली, पण हुकमाची सवय गेलेली नव्हती. "पिन उलटी लावलीस. टोचली की रडशील. इकडे ये." माझी पिन काढून लावताना त्या दाढकाकांकडे वळल्या. "आणि तुम्ही. खराटा घट्ट बांधा. मागच्या रविवारी अर्धा रस्ता झाडत आलात. नगरपालिकेने नोकरी दिली असती." हसू पसरलं. दाढकाकाही हसले, पण त्यांच्या हसण्याला हल्ली आवाज नसतो. मेट्रनबाई मला म्हणाल्या, "हे बघ, पहिले पाच किलोमीटर तुला वाटेल आपण फार हळू आहोत. तेव्हा हळूच राहा. मग तुला वाटेल आपण मरतोय." त्या थांबल्या. शब्द तोंडातून निसटल्यावर माणूस जसा ओठ मिटतो तसे त्यांनी ओठ मिटले. "डॉक्टर आहेत तुझ्यामागे," एवढंच म्हणून पुढे गेल्या.

निघताना माणसांच्या पायांचा जो आवाज होतो तो मला चार महिने सरावात कधी ऐकू आला नव्हता. हजारो बूट एकाच वेळी, गारा पडाव्यात तसा, पण थांबणारा नाही. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये सगळे मला ओलांडून गेले. मग रस्ता रिकामा होत गेला, आणि मागे तो दुसरा आवाज उरला, वाळक्या काड्या पाठीवर घासल्याचा. खर्र, खर्र. मी हळू झाले की तोही हळू. मी वळून पाहिलं नाही. सरावातही मी असंच करत आले होते. दर रविवारी ठरवून निघायचं, की आज सांगायचं. मग पाच किलोमीटर, आठ किलोमीटर, आणि मग सगळे पाणी पीत बसलेले असायचे आणि सांगायची जागा गेलेली असायची. पुलावर गार वारा होता. त्यापुढे लांबलचक भिंत, कारखान्याची. भिंतीला समांतर धावताना मला बाबा लिफ्टच्या खोक्याच्या भिंतीला कान लावून उभे राहायचे ते आठवलं. ते लिफ्टची तपासणी करायचे. पस्तीस वर्षं. दोर, ब्रेक, दाराची कडी, तळाचे स्प्रिंग. सगळं स्वतः हाताने पाहिल्याशिवाय त्यांनी एकाही प्रमाणपत्रावर सही केली नाही. एका बारा मजली इमारतीत लोक सामान घेऊन खाली ताटकळलेले असताना त्यांनी लिफ्ट बंद ठेवली होती, कारण सातव्या मजल्यावर तिने, त्यांच्या शब्दांत, उसासा टाकला. "दोर तुटायच्या आधी बोलतो," ते सांगायचे, "आपण ऐकायला हजर असलं पाहिजे." स्वतः मात्र जिन्यानेच चढायचे. आई चिडवायची, तुमच्या सहीवर तुमचाच विश्वास नाही.

त्यांच्या छातीने उसासा टाकला तेव्हा ऐकायला मी हजर होते. शर्यतीच्या तीन आठवडे आधी ते मला म्हणाले, जरा चल माझ्याबरोबर, आईला म्हण चपला घ्यायला जातोय. हृदयाच्या दवाखान्यात त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला तारा लावून. नवव्या मिनिटाला पट्टा थांबवला. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलणारे. आधी रक्तवाहिन्यांची तपासणी करा, तोवर धावणं बंद, जिनेसुद्धा जपून. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत तेच छापलेलं होतं. मी सवयीने ती ओळ दोनदा वाचली. तिच्यात एकही चूक नव्हती. बाहेर बाकावर बसून बाबा बुटाची नाडी बांधत म्हणाले, "शर्यत झाली की करू. एकवीस दिवसांत काय होतंय. हा कागद तुझ्याकडे राहू दे, आई कपाटं आवरते." मी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. येताना आम्ही खरोखरच चपला घेतल्या, दिसायला हव्यात म्हणून. त्यांनी त्या कधी घातल्या नाहीत.

मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे, की निर्णय त्यांचा होता. त्रेसष्ट वर्षांचा शहाणा माणूस. मी वाद घातला असता तरी ऐकलं नसतं. हे सगळं बरोबर आहे, आणि यातलं काहीच खरं नाही. मी वाद घातलाच नाही. त्या बाकावर मला भीती वाटली हे खरं, पण तिच्या खाली आणखी काही होतं, आणि ते मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. मला बरं वाटलं होतं. बाबांनी आईला न सांगता मला एक गोष्ट सांगितली होती, आयुष्यात पहिल्यांदा. ती मोडायची म्हणजे ते बरं वाटणंही मोडायचं. घरी आल्यावर जेवताना त्यांनी आईच्या नकळत मला डोळा मारला, आणि मी हसले.

साठीच्या वरच्या धावपटूंना प्रकृती ठीक असल्याचा दाखला द्यावा लागतो, डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा. क्लबातले सगळे फॉर्म दाढकाकांकडे जायचे. घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला. दातांचा असला तरी डॉक्टरच, असं म्हणून दर वर्षी सगळे हसायचे, आणि दर वर्षी कुणालाच काही व्हायचं नाही. बाबांचा फॉर्म मी नेऊन दिला, ऑफिसला जाताना. काकांच्या खुर्चीत एक बाई आ वासून पडल्या होत्या, तोंडात कापूस आणि ती पाणी ओढणारी नळी. काकांचे दोन्ही हात गुंतलेले. "शिक्का ड्रॉवरमध्ये आहे बघ," ते मान न वळवता म्हणाले, "तूच मार. मी सही करतो." मी शिक्का मारला. जरा तिरका बसला. त्यांनी एका हाताचा हातमोजा दातांनी ओढून काढला, पेन घेतलं, आणि सही करायच्या आधी थांबून माझ्याकडे पाहिलं. "बाबा ठणठणीत ना?"

"ठणठणीत," मी म्हणाले.

बस, एवढंच. मला दहा वाजता भूगोलाची मुद्रितं द्यायची होती.

अकरावा किलोमीटर आला तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. गाद्यांचं दुकान या वेळी उघडं होतं. एक माणूस गाद्या दाराशी उभ्या करून ठेवत होता, त्यांच्यावर प्लॅस्टिकचं आवरण. इतक्या मऊ वस्तूंसमोर माणूस दगडी पायरीवर पडला, हे मी पूर्वीही मनात म्हटलं होतं. तेच वाक्य पुन्हा आलं आणि मला त्याची शिसारी आली. मागची खरखर थांबली. म्हणून मीही थांबले. दाढकाका त्या पायरीपाशी उभे होते. घाम पुसायला त्यांनी हात वर नेला, तो हात थरथरत होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला, याच थरथरीमुळे. कापऱ्या हातांनी कुणाच्या तोंडात यंत्र घालता येत नाही.

"थांबू नकोस, पाय आखडतील," ते म्हणाले. मग स्वतःच चालू लागले, मी बरोबर. "तुझ्याशी बोलायचं होतं. वर्ष झालं. घरी आलो होतो, पण आईसमोर…"

त्या दिवसाबद्दल मला सांगायची गरज नव्हती. लोक भेटायला येत होते. काका चपलांच्या स्टँडशेजारच्या स्टुलावर बसले होते, आत येऊन बसायला तयार नव्हते. इस्पितळात कुणीतरी आईला सांगितलं होतं, की तीन वाहिन्या बंद होत्या, आधी साधी तपासणी झाली असती तरी कळलं असतं. आईने त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही तपासलं होतंत ना?" ते म्हणाले, "नाही, वहिनी." आई उठून आत गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही. तेव्हा मी पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होते. ट्रेमध्ये सहा ग्लास. मी ते एकेकाला दिले, त्यांनाही दिला.

"मी रोज तो दिवस आठवतो," काका म्हणाले. आम्ही पुन्हा हळूहळू धावू लागलो होतो. वाक्यं श्वासांनी तुटत होती. "खुर्चीत पेशंट होता, घाई होती, सगळं खरं. पण अगं, मी विचारलंसुद्धा नाही. एका शब्दाने विचारलं नाही, की बाबा कसा आहे. कुत्र्यामांजराच्या दाखल्यावर सही करतानाही माणूस विचारतो. विचारलं असतं तर तू काहीतरी सांगितलं असतंस. दमतो म्हणाली असतीस, रंग बरा नाही म्हणाली असतीस. तू होतीस ना समोर. तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही मी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा समोर होता, रस्त्याकडे. ते खोटं बोलत नव्हते. वर्षभर रोज त्या खोलीत जाऊन जाऊन त्यांनी तिच्यातून आपला तो एक प्रश्न उचलून फेकून दिला होता, आणि त्याबरोबर माझं उत्तरही गेलं होतं. ते आता फक्त माझ्याकडे होतं. आणि त्या आ वासलेल्या बाईंकडे, त्यांच्या लक्षात असेल तर.

"उद्या दंतवैद्यक परिषदेला पत्र देतोय," ते म्हणाले. "लिहून ठेवलंय. न तपासता दाखले दिले, किती वर्षं दिले, सगळं. नोंदणी परत करतो. दवाखाना तर बंदच आहे, पण पाटी अजून तशीच आहे दारावर. ती बघवत नाही."

बाराव्या किलोमीटरपासून विसाव्यापर्यंत आम्ही दोघांपैकी कुणीच बोललं नाही. माझ्या तोंडात ते वाक्य होतं, तीनच शब्दांचं: तुम्ही विचारलं होतं. प्रत्येक पावलाला एक शब्द. तुम्ही. विचारलं. होतं. श्वास घेताना ते आत जायचं, सोडताना दातांपर्यंत यायचं. चौदाव्यावर मला वाटलं, आता बोलते. पंधराव्यावर पाण्याचं टेबल होतं. काकांनी मला ग्लास आणून दिला, स्वतःचा अर्धाच प्यायला आणि उरलेला माझ्या मानेवर ओतला, बाबा करायचे तसा. सोळाव्यावर पायाच्या अंगठ्याचं नख बुटाला लागायला लागलं. मला त्याचं बरं वाटलं. निदान एक जागा अशी होती जिथे नेमकं दुखत होतं. सतराव्यावर मी मनात पुढचा भाग पाहिला. काका थांबतील. विचारतील, मग तू काय म्हणालीस? आणि मी सांगेन. मग रिपोर्ट, बॅग, कप्पा. मग आई. आई मला दिसली, स्वयंपाकघरात, दोन्ही कागद हातात घेतलेली. ती चष्मा पुसून परत वाचेल. तिला आता जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच कळलं, की हे कारण मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी शोधून काढलंय. अठराव्यानंतर विचार करणं जमलं नाही. फक्त मागे खर्र, खर्र.

विसाव्याच्या खांबापाशी ते म्हणाले, "रागाव. काहीतरी बोल. तुझ्या आईसारखी गप्प राहू नकोस, पोरी."

"काका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला, वाळलेला. "तुमचं काही चुकलं नाही."

हे वाक्य शब्दशः खरं होतं. त्यात खूण करण्याजोगं काही नव्हतं. दाढकाका तोंडावर हात धरून रडायला लागले, धावतच. रडताना श्वास पुरेना म्हणून चालू लागले, मग पुन्हा धावू लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे तू म्हणायला नको होतंस. पण म्हणालीस. आता पत्र देताना हात कापणार नाही माझा." मी म्हणायला हवं होतं, देऊ नका. त्यासाठी का ते सांगावं लागलं असतं. समोर फुगे आणि फलक दिसू लागले होते. ते मागे सरले. "आधी तू," म्हणाले. खराट्याच्या मागे कुणी राहायचं नाही. मी काळ्या पट्ट्यावर पाय ठेवला, पट्टा बारीकसा वाजला, फलकावर माझं नाव आलं. तीन तास चार मिनिटं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, लोक एव्हाना पांगले होते.

आई उभी होती. येणार नाही म्हणाली होती, आली होती, गेल्या वर्षीच्याच जागी, बाटली आणि टॉवेल घेऊन. तिने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि माझ्या मागे पाहिलं. दाढकाका रेषा ओलांडून थांबले होते. पाठीवरचा खराटा तिरका झाला होता. त्यांनी तिथूनच आईला हात जोडले. आईने मान फिरवली.

"त्यांच्याबरोबर आलीस?"

"ते शेवटचे असतात. मीही शेवटची होते."

"काय बोलत होते? डोळे सुजलेत त्यांचे."

"माफी मागत होते."

"मग?"

"मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही."

टॉवेलच्या टोकाने आईने माझं कपाळ पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरात. "मला नसतं जमलं," ती म्हणाली. "बाबांवर गेलीस अगदी." आणि बाटली पुढे केली. मी झाकण उघडलं आणि पाणी प्यायले.